नखाएवढे बेडूक

"बुरशीच आहे," भिंगावरून डोळा न काढता डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या माळ्याने आणलेल्या झाडांतूनच आली असणार. आजच वर कळवते. त्याला कामावरून काढायलाच हवं."

बेडकांची देखभाल करणाऱ्या मावशींनी हातातली जाळी खाली ठेवली.

प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला, प्रेक्षकांच्या गावीही नसलेल्या त्या बंद खोलीत नखाएवढे त्रेचाळीस बेडूक होते. सकाळी त्यातला एक मेला. ते ज्या ओढ्यातले, तो याच बुरशीने कधीच ओस पाडला होता. जगात ही जात उरली होती ती एवढीच. म्हणून खोलीतले बूट वेगळे, हातमोजे वेगळे, पाणीही गाळून. अकरा वर्षं मावशींनी त्यात कसूर केली नव्हती. फक्त एकदा.

तीन आठवड्यांपूर्वी फोन आला, नवरा कामावर चक्कर येऊन पडला. त्या धावत सुटल्या. फाटकाशी आठवलं, आत नळ चालूच! तशाच चिखलाच्या चपलांनी आत शिरून त्यांनी तो बंद केला. नवरा बरा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पावलांचे ठसे पुसले आणि तोंड शिवून घेतलं. तेव्हापासून रोज दार उघडलं की त्या आधी बेडूक मोजायच्या.

"मॅडम, झाडांतून नाही आली," मावशी म्हणाल्या. "माझ्या चपलांतून आली असेल."

सगळं ऐकून डॉक्टरबाईंनी भिंग बाजूला सारलं. "तेव्हाच बोलला असतात तर, मावशी..."

"भ्याले हो."

"तुमचं काय करायचं ते वरचे ठरवतील. आत्ता चला. तुमच्याइतका हलका हात इथे कुणाचा नाही."

दहा दिवस एकेक बेडूक ओंजळीत घेऊन औषधाच्या पाण्यात धरायचा. गळ्याची धडधड थांबली की मावशींचाही श्वास अडकायचा. काही वेळा ती पुन्हा सुरूच झाली नाही.

एकतीस वाचले. मावशींची बदली फळं कापण्याच्या शेडमध्ये झाली. खोली माळ्याकडे आली.

पहिल्या दिवशी तो आत गडबडला. बेडूक हातातून निसटू लागला, तशी त्याने बाहेर पाहिलं. आत यायची मनाई असलेल्या मावशी काचेपलीकडे उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं सैल सोडली आणि रिकामी ओंजळ हळूहळू मिटून दाखवली.