तिसऱ्या शीलानंतर

"दिसून तर चांगले राहिले संघपालभाऊ," लग्नाच्या हॉलमध्ये शिरता शिरता शेजारच्या इंदूबाई म्हणाल्या. "काही झालं होतं असं वाटतच नाही."

मी हसले. दीड वर्षापासून हेच ऐकते आहे. यांच्या मेंदूतली फुगलेली नस फुटली, नागपूरला मांडीतून तार घालून ती बंद केली, माणूस मरता मरता वाचून घरी आला. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट क्लीन आहे. रिपोर्टसोबत संसार करायचा असता तर मी सुखी असते. घरात जो माणूस आहे त्याला दुपारी बाराच्या पुढे उभं राहवत नाही. मिक्सर लावला की डोकं धरून अंगणात जातो. मिठाला मीठ म्हणायला कधी कधी पाच मिनिटं लागतात. डोक्याला एक टाकाही नाही, लोकांना दाखवणार काय?

तिवशाला हे कारकून, पण ओळख आमच्या लोकांची लग्नं लावणारे बौद्धाचार्य म्हणून. दोनशेच्या वर लग्नं लावली, कागद न बघता. म्हणून आमच्या एकुलत्या एक लेकीने, प्रियदर्शनीने, आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, माझं लग्न तुमीच लावजा. दुसऱ्या कोनाच्या तोंडून मले नाही पायजे."

मी म्हटलं, "अवो, झेपन का तुमाले? व्याह्यांकडचे श्रावणभाऊ बी लावतेत लग्नं."

"पोरगी पयल्यांदा काही मागून राहिली," हे म्हणाले, "आन् तू मले घरी बसवून राहिली."

भांडायचं त्राण माझ्यातही उरलं नव्हतं. महिनाभर पहाटे त्यांचा पाठ ऐकला. पहाटे एक अक्षर चुकत नसे.

पण लग्न अकोल्याच्या हॉलमध्ये, आणि साडेअकराची वेळ गेली दीडवर. आमच्याकडे लग्न वेळेवर लागलं तर लोक विचारतात, काही बिनसलं काय. बाळापूरच्या वरातीचा डीजे दाराशी आला तेव्हाच यांचा चेहरा उतरला.

त्रिशरण नीट झालं. हे एक ओळ म्हणत, चारशे माणसं मागून म्हणत. मग पंचशील. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. पाचही ओळींची शेपटं सारखीच. तिसऱ्यानंतर हे थांबले आणि पुन्हा पहिलं म्हणाले.

लोकांनीही म्हटलं. सांगणारा म्हणेल ते मागून म्हणायचं, लहानपणापासूनची सवय. कुणी अडवलं नाही. दुसरं, तिसरं, परत पहिलं. हात जोडलेली चारशे माणसं त्यांच्याबरोबर मागे फिरली. तिसऱ्या फेरीला मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. आणि त्याच वेळी लाजही वाटली, यांचीच. खोटं कशाला बोलू.

प्रिया बापाकडे बघत होती. नुसत्या ओठांनी चौथी ओळ सांगत होती. यांना ती दिसली, आणि काय झालं ते कळलं. माईक तोंडाशी नेला, पण शब्द येईना.

मग त्यांनी स्वतःच माईक श्रावणभाऊंच्या हातात दिला. "सुरुवातीपासून घ्या भाऊ," म्हणाले. "पोरीचं लग्न अर्धवट नको."

स्टेजवरून उतरून ते माझ्या शेजारी बसले.

"चला, मांगच्या खोलीत पडा जरासे," मी म्हटलं.

"थांब. मांगून म्हनाचं तर जमते मले."

श्रावणभाऊंनी सुरुवात केली. हे डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांपेक्षा जरा मागे राहून म्हणत गेले. तिसरं झालं. चौथं झालं. पाचवं संपून हॉल शांत झाला तरी यांचं म्हणून व्हायचं होतं. श्रावणभाऊ थांबले. प्रिया थांबली. यांनी सावकाश शेवटचा शब्द पूर्ण केला, आणि मग लग्न पुढे सरकलं.