टोपलीत न पडलेली पुस्तकं

टाचणी कामावर परतून तीन आठवडे झाले आणि तिची एकही चूक सापडली नाही. तिथेच तिला संशय आला.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चुकीला लपायला जागा नसते. शिवलेली पुस्तकं सगळ्यांच्या सामाईक फळीवर जातात. चार वाजता मुकादम ती चाळतो. एखादा फॉर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, उलटा किंवा मागेपुढे लागला असेल, तर ते पुस्तक टोपलीत पडतं. मग कण्यावरची पेन्सिलीची खूण पाहून पुकारा होतो, "कोण हो ह्या विदुषी? यांच्याकडे बारानंतर नऊ येतात!" सगळे हसतात. जिचं पुस्तक ती उठते, टाके उसवते, पुन्हा शिवते. टाचणीची आत्या तीस वर्षं शिवत होती, तरी तिचीही आठवड्याला दोन-तीन पुस्तकं टोपलीत पडत.

आणि टाचणी बिनचूक? दीड महिना जिला अंथरुणातून उठवत नव्हतं, केस विंचरायचे म्हटलं तरी जिला रडू यायचं, ती तेवीस वर्षांची पोर?

"सुधारलीस की गं," मुकादम म्हणाला. "आजारपण मानवलं तुला."

बोलणं नेहमीसारखंच खवचट होतं, पण टाचणीला त्यात गोडवा लागला. नको तेवढा. मालकीणबाईंनी तिला खिडकीजवळची जागा दिली होती, ती का? परवा शेजारी बसणारीने न मागता चहा आणून ठेवला, तो का? ती आत शिरली की बोलणं थांबतं, असं तिला आता रोज वाटू लागलं होतं.

तिला नक्की काय झालं होतं, हे एका आत्यालाच ठाऊक होतं. आत्यानेच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, गोळ्यांच्या वेळा तीच सांभाळत होती. आणि आत्याचं एक व्रत होतं. सकाळी आंघोळ झाली की देवापुढे हात जोडून ती म्हणायची, आजचा दिवस खोटं बोलणार नाही. उद्याचं उद्या. अशा बाईला कोणी सरळच विचारलं असेल, तर?

रात्रीच्या जेवणाला टाचणीने विषय काढला.

"आत्या, माझं तू कारखान्यात कोणाला सांगितलंस?"

"नाही गं."

"मालकीणबाईंनी विचारलं असेल."

"विचारलं. म्हटलं, तिचं आहे, तिलाच विचारा."

"मग माझी पुस्तकं टोपलीत का पडत नाहीत?"

आत्याने पातेल्याचं झाकण उचललं. "अजून वाढू का?"

आत्या खोटं बोलत नाही. पण उत्तर चुकवायला तिला कोणी मनाई केलेली नव्हती.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. गेल्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "कामात लक्ष कसं लागतं ते बघत राहा. तेवढ्यावर नाही ठरवणार मी, पण सगळं ठीक दिसलं तर गोळी कमी करायचा विचार करू." टाचणी त्या वाक्यावर जगत होती. फॉर्मे जुळवताना आकडे अजूनही तिच्या डोळ्यांपुढून निसटत. पण टोपली रिकामी. म्हणजे ती बरी होती, की तिला बरी भासवत होते?

सोमवारी तिने एका पुस्तकात मुद्दाम चौथा फॉर्मा उलटा शिवला. आपल्या गठ्ठ्यात वरून पाचवं, असं ठेवलं. चार वाजता मुकादमाने गठ्ठा चाळला आणि पुढे सरकला. तिने ते पुस्तक काढून उघडलं. चौथा फॉर्मा सरळ होता. आणि शेवटची गाठ डाव्या अंगाला पडलेली होती. अख्ख्या कारखान्यात डावखुरी एकच.

दुसऱ्या दिवशी जेवायची सुट्टी झाल्यावर ती सगळ्यांबरोबर बाहेर पडली आणि दोन मिनिटांत मागे फिरली. आत्या फळीपाशी बसली होती. मांडीवर टाचणीचं पुस्तक, दातांत दोरा.

"कितवं?"

आत्या दचकली. दोरा तोंडातून पडला. "तू जेवली नाहीस?"

"कितवं विचारतेय मी!"

"आजचं दुसरं."

"तुझं व्रत तोंडापुरतंच का गं? हातांनी खोटं बोललं तर चालतं?"

आत्याचा चेहरा उतरला. "सगळ्यांसमोर तुझं नाव पुकारलं असतं," ती हळूच म्हणाली. "लोक हसले असते. तू पुन्हा झोपून राहिली असतीस तर? त्या दिवसांत मी दाराशी बसून तुझा श्वास मोजायचे, बाळा. मला भीती वाटते."

"मलाही वाटते! पण मी कशी आहे हे मला कळायला नको? परवा मी डॉक्टरीणबाईंना सांगणार होते, एकही चूक होत नाही. त्यांनी गोळी कमी केली असती, आत्या. तुझ्या टाक्यांवर!"

आत्याने पदर तोंडाशी धरला. हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता.

"आणखी कोण कोण सामील आहे?"

"कोणी नाही. देवाशप्पथ."

"मग खिडकीची जागा?"

"तिथली सोडून गेली ना गेल्या महिन्यात. रिकामीच होती."

"आणि चहा?"

"तिला तुझी रविवारची पाळी हवीय. मलाही आणून देते की."

टाचणीला हसू येणार होतं, पण आलं नाही.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम कसं चाललंय?" टाचणीने आत्याकडे पाहिलं.

"तीन आठवड्यांत एकोणीस चुका," आत्या म्हणाली. "मी गुपचूप दुरुस्त केल्या. हिला माहीत नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. झोप कशी, भूक कशी, सकाळी उठवतं का, सगळं टाचणीलाच विचारलं. मग म्हणाल्या, "सध्या गोळी आहे तीच राहू दे. महिन्याने पुन्हा बघू. चुका होऊनही तू रोज कामावर गेलीस, हेही मी लिहून ठेवतेय." मग आत्याकडे वळल्या. "तुम्हाला भीती वाटली की हिला सांगा. हिच्या नकळत काही करू नका."

जिना उतरताना आत्या दोन पायऱ्या मागे होती. गोळी कमी झाली नव्हती. टाचणीला वाईट वाटलं होतं, पण पायाखाली जमीन लागत होती.

"रागावलीस?" आत्याने विचारलं.

"हो."

"फार?"

"फार. उद्याही असेन."

आत्या एक पायरी उतरली. मग म्हणाली, "मला आत्ता भीती वाटतेय."

टाचणी थांबली. आत्या तिच्या पायरीपर्यंत येईतो थांबली. "बरं," ती म्हणाली. "चल."