शेंदराची खूण

नारळ फुटला, गाडीला हार चढला, आणि जागेश्वर मिस्त्री धावत आला तो थेट तिच्या मागं वाकला.

लढाईतली जुनी ॲम्ब्युलन्स लिलावात घेऊन गणपतराव मास्तरांनी तिचं चाकांवरचं घर केलं होतं. आत दोन बाकं, स्टोव्ह, पाण्याचा पिंप. पेन्शन सुरू झाली, तसं त्यांनी नि बायको इंदुताईंनी नागपूरहून छिंदवाड्याकडच्या खेड्यांतल्या पोरांना पुस्तकं वाचायला देत हिंडायचं ठरवलं. पुस्तकांच्या पेट्या मागच्या ट्रेलरमध्ये. तो ओढायचा लोखंडी आकडा जागेश्वरनं कालच चार बोल्टांवर बसवला होता.

उमरेडच्या कोष्ट्याचा हा मुलगा. माग सुटला, तरी बापाची शिस्त सुटली नव्हती: काम पुरं झालं की खूण करायची. नट पक्का आवळला की जागेश्वर त्यावर शेंदराचा ठिपका देई. काल तिसऱ्या नटाशी असताना एक ट्रकवाला पंक्चर घेऊन आला. चौथा आवळला होता का? सकाळी ठिपके बघू, म्हणून तो निजला. आणि आता बघतो तर इंदुताईंनी पूजेत चारही नटांना बोटबोटभर कुंकू लावलेलं; खाली ठिपका आहे का, ओळखू येईना!

"मिस्त्री, काहून गप्प?" इंदुताई खिडकीतून म्हणाल्या. "आकडा पक्का आहे ना?"

"पक्का हाय, बाई," तोंडातून निघून गेलं.

गाडी सुरू झाली. जागेश्वरच्या डोळ्यांपुढे वाटेतला सिलेवानीचा घाट आला. मग खेडी दिसली, ट्रेलरला लोंबकळणारी पोरं दिसली. तो गाडीमागं धावला.

"थांबा! मास्तर, थांबा!"

सगळे चपापले. शेजारचे रामाजी उसळलेच. "निघाल्यावर मागून हाक मारते का गा कोणी? अपशकुन केला ना!"

मास्तर खाली उतरले. जागेश्वर मान खाली घालून म्हणाला, "चौथा नट आवळला का नाही, मले आठवून नाही राहिलं. मघाशी खोटं बोललो."

मास्तरांनी ट्रेलरकडे बोट केलं. "मग बघ ना बाबा. नाहीतर ट्रेलर घाटातून एकटाच नागपूरला परत यायचा, आम्हाला सोडून!"

जागेश्वर गाडीखाली सरपटला. पहिला नट घट्ट. दुसरा घट्ट. तिसराही. चौथ्यावर पाना लावला नि जोर दिला. पाना फिरला.

"काय निघालं?" वरून रामाजींचा आवाज.

"अर्धा आटा. अर्धा फेरा सैल होता."

"अर्ध्या आट्यासाठी मुहूर्त मोडला?"

जागेश्वरनं नट आवळला, कुंकू पुसलं, खिशातली डबी काढून शेंदराचा ठिपका दिला. घाईत ठिपका जरा लांबला.

इंदुताईंनी दह्याची वाटी पुन्हा काढली. पहिला चमचा त्याच्या हातावर दिला.

गाडी निघाली. वळणाआड दिसेनाशी झाली, तरी दह्याचा हात तसाच धरून तो रस्त्याकडे बघत उभा होता.