राहीबाईला भेटायला कुणी आलं नाही

मिरजगावच्या अलीकडे हायवे सोडला की पांदीच्या रस्त्याला जी वस्ती लागते, तिथली राहीबाई. आसपासच्या चार गावांत माणूस आजारी पडला की आधी राहीबाईला कळायचं, मग डॉक्टरला, आणि सगळ्यात शेवटी त्या आजारी माणसाला. एका गड्याला दुपारी ताप भरला, तर ही माडग्याचा डबा घेऊन सकाळीच हजर! हुलगे भाजून दळायचे, त्यात गूळ घालायचा, कढत पेज करायची. तिच्या हातचं हे माडगं पिऊन उठलेली माणसं उभी केली असती तर रांग थेट कर्जतच्या स्टँडात शिरली असती.

"कसं वाटतंय आता?" असं तिनं कधी कुणाला विचारलं नाही. ती खाटेच्या पायथ्याला बसायची आणि सुरू व्हायची. तिची शेळी म्हणे एसटीत बसून बाजाराला गेली, कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं, आणि येताना शेळी खिडकीची जागा धरून आली. अपेंडिक्सच्या एका पेशंटचे टाके तिनं हसवून हसवून उसवले, असं लोक सांगतात. लोक वाढवून सांगतात. दोनच उसवले होते.

तिचा नवरा छगन नेमका उलटा. बोलणं रेशनवर मिळतं असं वाटावं इतकं मोजकं बोलायचा. त्याच्या वाटचंही राहीबाईच बोलायची. शेजारच्या वस्तीवरच्या रंगुबाईशी भांडणंही तीच करायची. रंगुबाईची कोंबडी राहीबाईच्या कडब्याच्या गंजीत अंडं घालून गेली होती, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली असतील. अंडं कुणाचं, हा खटला अजून चालू होता. दोघी रोज संध्याकाळी बांधावर उभ्या राहून तारीख घ्यायच्या, आणि भांडून झालं की एकाच तंबाखूतली मिश्री लावायच्या.

अशी ही राहीबाई गेल्या उन्हाळ्यात बसल्या जागी झोपायला लागली. हिरड्यांतून रक्त यायचं, पायावर निळे डाग उठायचे. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या पोरानं, सुनीलनं, तिला नगरला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बापलेकांना आत बोलावलं आणि रक्ताचा कॅन्सर असल्याचं सांगितलं.

"औषध सुरू केलंय. पण पांढऱ्या पेशी फार कमी आहेत, साधी सर्दी झाली तरी जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. "लोकांना लांब ठेवा."

बाहेर आल्यावर सुनील म्हणाला, "आप्पा, आईला यातलं काय सांगू नका. कुणाला भेटायचं न्हाई म्हणलं तर तिला कोरोनाच आठवंल. मावशीला नेलं ते पिशवीत गुंडाळूनच आणलं, तोंडबी बघू दिलं न्हाई. ती तिथंच हाय खाईल."

छगननं मान हलवली. लांब ठेवायचं म्हणजे काय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. लंपीची साथ आली तेव्हा गुरांच्या डॉक्टरनं असंच सांगितलं होतं. तेव्हा त्यानं कपिला गाय उचलून मळ्याच्या टोकाला बांधली, तिच्याकडं चिटपाखरू फिरकू दिलं नाही, वैरण-पाणी स्वतः केलं. गावात दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या, त्याची कपिला जगली. जनावर जगतं, तर बाई का नाही जगणार?

त्यानं राहीबाईची खाट मागच्या खोलीत टाकली. तिची खिडकी मळ्याकडं उघडायची, तिथून मोटारीच्या आवाजाखेरीज काही ऐकू यायचं नाही. स्वतःची बाज त्यानं पांदीच्या वळणावर, लिंबाखाली नेली. मोबाईल घरात एकच, तो त्याच्या बंडीच्या खिशात. काठी हातात. स्वयंपाक, धुणं, औषध उरकलं की हा वळणावर जाऊन बसायचा.

आणि लोक यायला लागले. ते येणारच होते. शहाळी घेऊन, बिस्किटाचे पुडे घेऊन, मोटारसायकलीवर, टेम्पोत, पायी. जी जन्मभर सगळ्यांच्या खाटेशी बसली, तिच्या खाटेशी बसायला सगळा मुलूख निघाला होता. छगन एकेकाला हात जोडायचा.

"डॉक्टरनं नको म्हणलंय. माघारी जा."

"लांबून बघतो की, तात्या."

"लांबूनबी नको."

रंगुबाई तर रोज यायची, डबा घेऊन.

"भावजी, राहीला काय पेटीत घालून ठिवलीय का? आमी काय वाघ हाय, खायला आलोय तिला?"

"न्हाई, वयनी. डॉक्टर..."

"मरूंदे तो डॉक्टर! माझ्या हातचं घोटभर माडगं तरी द्या तिला."

"भायेरचं द्यायचं न्हाई."

ती पुढं यायला लागली, तेव्हा छगननं काठी आडवी धरली. रंगुबाई त्या काठीकडं बघत राहिली, आणि पदरानं तोंड पुसत माघारी वळली.

आत राहीबाई विचारायची, "कोन आलं हुतं का?"

"न्हाई."

"रंगीबी न्हाई?"

आयुष्यातलं पहिलं खोटं छगन नुकतंच बोलला होता, त्याला आता दुसरं जोडलं. "तिचा पाय मुरगाळलाय."

दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. "रंगीचा पाय कसा हाय?"

छगन आपलं आदलं खोटं विसरला होता. "लेकीकडं गेलीया. जागरणगोंधळ हाय तिकडं."

"मुरगाळल्या पायानं?"

छगननं विनाकारण तांब्या उचलला आणि पाणी आणायला गेला. तांब्या भरलेलाच होता.

खोटं कसं बोलायचं हे राहीबाईला त्या मुलखात सगळ्यांत जास्त कळत होतं. नवरा आपल्याला खोटं सांगतोय हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं. कशासाठी सांगतोय, एवढंच तिनं चुकीचं ओळखलं. कुणी फिरकत नाही, आणि बिचारा आपल्या मनाला लागू नये म्हणून पांघरूण घालतोय, असं तिला वाटलं. मग तिनं विचारणं सोडलं. जेवण एका घासावर आलं. एकदा नुसतं म्हणाली, "माझं काय चुकलं असंल वो? कुनाकडं जायची राहिली का मी?"

"न्हाई गं."

"मग?"

छगन तिचे पाय चेपत बसला. 'लोक वळणावर उभे हायेत' हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण कपिला डोळ्यापुढं आली, आणि त्यानं ओठ मिटून घेतले.

पुढच्या तपासणीत कळलं की औषधानं काही केलं नाही. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "आता त्रास नको द्यायला. घरी राहू द्या, आवडेल ते खाऊ द्या. माणसांत असू द्या."

"मानसं?" छगन म्हणाला. "तुमीच तर नको म्हणला हुता."

"लांब ठेवा म्हणालो होतो, बाबा. तोंडाला मास्क लावून, दारातून, एकेकानं भेटायला काय हरकत होती? कुणालाच येऊ दिलं नाही का तुम्ही?"

छगन उठून उभा राहिला. तो सुनीलकडंही बघू शकला नाही.

वस्तीवर पोचल्या पोचल्या तो सुनीलच्या मोटारसायकलीवर मागं बसला आणि दारोदार फिरला. "चला. राहीला भेटायला चला. आत्ता चला." जन्मात बोलला नव्हता इतकं तो त्या दुपारी बोलला. लोकांनी हातातली कामं टाकली. ऊन उतरायच्या आत ओसरी भरली, अंगण भरलं, पांदीत गाड्या लागल्या.

राहीबाई उठून भिंतीला टेकली. तिनं दारातली गर्दी पाहिली. नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या बायका पाहिल्या. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि लगेच पुसलं गेलं. तिनं पदर सारखा केला.

सगळ्यांत पुढं रंगुबाई होती. "राहे!" म्हणून ती खाटेकडं धावली.

"या," राहीबाई म्हणाली. "बसा. उन्हाच्या आलात. अवो, ह्यास्नी पानी द्या."

रंगुबाई जागच्या जागी थांबली. "राहे, अगं मी रोज येत हुते गं! ह्या भावजींनी काठी धरली आडवी. इचार त्यास्नी!"

"व्हय, आल्या असाल की," राहीबाई हसून म्हणाली. "तुमी काय परक्या हाव?"

"मीबी आल्तो, काकी," मागून कानिफनाथ टेम्पोवाला म्हणाला. "दोनदा आल्तो. तात्यानं माघारी लावलं."

"हां बाबा. बस."

रंगुबाईनं शेवटचा उपाय काढला. डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले. "ते अंडं माझंच हुतं, ऐकलंस का? माझ्या कोंबडीचं हुतं!"

सगळी ओसरी वाट बघत राहिली.

"तुमचंच असंल," राहीबाई म्हणाली.

माणसं गेल्यावर छगन तिच्या पायथ्याला बसला. "ती खरं बोलत हुती. समदे खरं बोलत हुते. मीच वळणावर बसून माघारी लावले. डॉक्टरनं मानसं नको म्हणलं हुतं. तुला कॅन्सर झालाय, राही."

"ते कळलं मला. येवढं गाव एका टायमाला कुनाच्या घरी येतं, ते मला ठावं न्हाई व्हय?"

"पन ते रोज येत हुते गं."

राहीबाईनं त्याला जवळ सरकायला खुणावलं. मग म्हणाली, "त्या पुष्पावतीबाई मास्तरीन आठवत्यात का? पोरं परदेशात, हितं कुनी नव्हतं. लई दुखायचं त्यास्नी. शेवटाला त्यांच्याकडं माझ्याबिगर येक मानूस आलं न्हाई. त्यांनी मला इचारलं, राहीबाई, माझी शाळेतली पोरं येत न्हाईत का गं? मी म्हणलं, बाई, फाटकात गर्दी मावंना! डॉक्टरनंच नको म्हणलंय, म्हणून मीच माघारी लावते रोज." ती दम खायला थांबली. "त्यास्नी खरं वाटलं. हसत गेल्या. मला कसं खरं वाटंल वो? मीच रचलेलं हाय ते."

"अगं, तुझ्या गळ्याची आन..."

तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "आन नका घेऊ. कवा खोटं बोलला न्हाई तुमी, अन् माझ्यासाठनं ह्या वयात शिकला. दारोदार हिंडून मानसं गोळा केली, त्यास्नी पढवलं. बास आता. दमला असाल."

तिचा हात त्याच्या तोंडावरच होता, आणि तो इतका हलका झाला होता की बाजूला सारायचा धीर त्याला झाला नाही.

त्यानंतरही माणसं रोज आली. राहीबाईनं प्रत्येकाला बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं, पोराबाळांची चौकशी केली. शेळीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. श्रावण लागायच्या आत ती गेली.

दहाव्यापर्यंत अंगणात सतरंजी अंथरलेली असायची. माणसं यायची, खाली मान घालून बसायची, पाणी पिऊन उठायची. कोणी उठायला लागलं की छगन त्याचा हात धरायचा.

"तू आल्ता ना रे? उन्हाळ्यात?"

"व्हय तात्या. शहाळं घिऊन आल्तो. तुमी वळनावर हुता."

"मग मी काय म्हणलं तुला?"

"माघारी जा म्हणला."

"जरा मोठ्यानं बोल."

तो माणूस गोंधळून सुनीलकडं बघायचा. सुनील मान खाली घालायचा. मग तो मोठ्यानं म्हणायचा, "आल्तो, तात्या! तुमी माघारी लावलं!"

छगन मागच्या खोलीकडं तोंड करायचा आणि म्हणायचा, "ऐकलं का गं?"

आणि माणसाचा हात न सोडता, तसाच कान देऊन बसून राहायचा.