बाहेर पडल्याची वेळ

मढच्या जंगलाच्या गेटावर एक आडवा बांबू, बांबूशेजारी पाटी, पाटीवर अकरा नियम आणि पाटीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत गेणू. दारूबंदी दुसरा, कड्यावर सेल्फीबंदी सहावा. अकरावा नियम असा, की पाचच्या आत प्रत्येकानं बाहेर पडायचं आणि रजिस्टरात वेळ टाकून सही करायची.

शनिवारी सकाळीच वनरक्षक चांगदेव मोटारसायकलवरून आला. रजिस्टर चाळून त्यानं मान खाजवली.

"गेणूभाऊ, आत गेलेले चारशे बारा. बाहेर आलेले चारशे अकरा."

"बराबर हाये."

"साहेब म्हनत्यात, पर्यटक आत असताना गेट चालू ठेवता येत न्हाई."

हा पर्यटक म्हणजे गेणूची बायको साळुबाई. महिन्यापूर्वी ती रानभाजी आणायला आत गेली. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून गेणूनं तिचीही नोंद केली, अंगठा घेतला. उद्देशाच्या रकान्यात छापील चारच गोष्टी होत्या: ट्रेकिंग, फोटो, धबधबा, सहल. गेणूनं सहलीवर खूण केली.

"सहल?" साळुबाई म्हणाली. "लग्नाला चाळीस वर्सं झाली, आन आज व्हय सहल!"

"पाचच्या आत बाहेर ये." हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणे.

तिचा पाय घसरला. तिसऱ्या दिवशी सापडली ती कड्याखाली, कोकणच्या अंगाला. तिकडूनच तिला गाडीत घातली आणि रस्त्यानं गावात आणली. चौदाव्या दिवशी गेणूनं खुर्ची पुसली आणि तो कामावर बसला. भूक लागली का विचारलं, तर घड्याळ बघून सांगायचा.

"मामा, मारा की सही," भजीवाली उज्ज्वला टपरीतून ओरडली. "माझं बेसन भिजलंय!"

"ती ह्या गेटानं बाहेर आली न्हाई," गेणू म्हणाला. "खोटं कसं लिवू?"

"मग मी लिवतो," चांगदेव हळू आवाजात म्हणाला. "पंचनाम्यातली वेळ टाकायची. तिसरा दिवस, सकाळी साडेअकरा."

गेणूनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"म्हंजी तिला उशीर झाला?"

"कागदावर तसंच दिसनार, भाऊ."

"दे ते रजिस्टर हिकडं."

गेणूनं पेन घेतलं. गेली त्याच दिवसाची तारीख टाकली. वेळ, चार पन्नास. मग शाईचं पॅड ओढलं. त्याला सही येत होती. तरी त्यानं अंगठा लावला.

चांगदेवनं ती नोंद वाचली. रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडून जागेवर ठेवलं.

बांबूपाशी पुण्याची एक गाडी हॉर्न वाजवत होती.

"उद्देश?" गेणूनं विचारलं.

"एन्जॉय, काका!"

गेणूनं सहलीवर खूण केली. चौघांच्या सह्या घेतल्या, बांबू उचलला.

"पाचच्या आत..." म्हणाला, आणि पुढचं पाटीकडं बोट दाखवून भागवलं.