साईनाथची दहा लाखांची लिमिट

सापगावच्या साईनाथची शेती अर्धा एकर आणि क्रेडिट कार्डांची लिमिट सहा लाख. शेती ऐकून अकरा मुलींनी नकार दिला, तेव्हा त्याने जे वाढण्यासारखं होतं ते वाढवायला घेतलं. कार्डावर फक्त पेट्रोल भरायचं, बिल यायच्या आत पैसे चुकते करायचे आणि दर सहा महिन्यांनी बँकेला विनंती टाकायची. धसईच्या वैष्णवीचं स्थळ आलं, तसं त्याने ठरवलं: दहा लाख झाल्याशिवाय तिच्या मामापुढे बसायचं नाही.

चौथ्या बँकेने पत्ता तपासायला माणूस पाठवला. साईनाथ गोदामात कामावर होता. माणसाने शेजारच्या गिरजाकाकीला विचारलं, "मुलगा कसा आहे?"

परका माणूस पोराची चौकशी करतो तो सोयरिकीसाठीच, आणि अशा वेळी शेजाऱ्याने हात आखडता घ्यायचा नाही, हा गावचा रिवाज.

"सोनं हाय सोनं," काकी म्हणाली. "सुपारीचं खांड खात नाय. पाच एकर भात. ही म्हैसपण त्याचीच."

म्हैस काकीची होती. माणसाने ती लिहून घेतली. चार लाख मंजूर झाले.

साईनाथने पेढे आणले. "काकी, तो बँकेचा माणूस होता."

काकीचा पेढा तोंडातच राहिला. बँकेचा माणूस दारात आला की पुढे काय होतं, ते तिने दिराचा ट्रॅक्टर हप्त्यापायी ओढून नेला तेव्हा पाहिलं होतं.

"आधी नाय का सांगायचं रे? आता आला तर मी बघते."

मंगळवारी वैष्णवीचा मामा चंदर आला. पांढरा शर्ट, काखेत फाइल. फाइलमध्ये पत्रिका होती.

"साईनाथ इथंच राहतो ना?"

"राहायचा. वारला, श्रावणात."

"कशाने?"

काकीने इकडेतिकडे पाहिलं. "म्हशीने मारला."

मामाने म्हशीकडे पाहिलं. म्हैस रवंथ करत होती.

संध्याकाळी काकीने हे सगळं मोठ्या मायेने सांगितलं. "बँकेचा मेला, धसईवरून आलेला. आता नाय येत परत."

साईनाथने तिथल्या तिथे फोन लावला. "मामा, मी साईनाथ."

"कोण साईनाथ?"

"वारलो तो."

फोन कट झाला.

सकाळी पहिल्या गाडीने तो धसईला पोचला. मामाने त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "जिवंत असल्याचा काय पुरावा?"

साईनाथने पाकिटातून कार्ड काढलं. मामाने चष्मा लावला. "हे बारा एकतीस काय?"

"डिसेंबर दोन हजार एकतीसपर्यंत चालतं."

दहा लाखांचं कुणी विचारलंच नाही. मामाने आत हाक मारली, "वैष्णवी, हा डिसेंबर एकतीसपर्यंत हाय म्हणतो. काय करतेस?"

वैष्णवी बाहेर आली. तिने आधी कार्ड पाहिलं, मग साईनाथला.

"पुढे रिन्यू होतं?"

"आपोआप."

"आणि ती म्हैस?"

"काकीची."

"मग बसा. चहा टाकते."