देवाच्या नावचा तांबडा

मी लंगडा कोंबडा बोलतोय. पण जरा लांबूनच. माणसाच्या हाताच्या टप्प्यात उभं राहायची मला सवय नाही.

घोडेगावजवळ सहादेवच्या घरी माझा जन्म झाला. पिल्लू असताना पाय बाजेखाली चेंगरला, तेव्हापासून उकिरड्यावर वेचून जगलो. मान सगळा माझ्या भावाला, तांबड्याला. सहादेवची पोर तापानं फणफणली, तेव्हा त्यानं गुडघे टेकले. "प्रभू, हिला उठव. कापणीच्या सणाला तांबडा तुझा." पोर उठली.

सणाच्या सकाळी सहादेवनं मला धुतलं, पुढ्यात बाजरी टाकली. माणूस उगाच गोड वागत नाही. तांबडा मात्र कडब्याच्या गंजीमागं डालग्याखाली झाकलेला. आदल्या दिवशीच एक व्यापारी त्याच्या मांड्या दाबून, चांगला भाव सांगून गेला होता.

"अवं, तांबडा कुठाय?" बायको बायडाबाईनं विचारलं.

"कुत्र्यानं नेला."

"आन् पिसं?"

"पिसांसकट नेला. चल, उशीर व्हतोय."

चर्चमध्ये कणसं, भोपळे मांडलेले. उपासना झाली की त्यांचा लिलाव होतो. पाळकांनी मला उचललं तसं मागून कुणी म्हणालं, "सहादेवा, ह्यो चालत आला का रिक्षानं?"

सहादेवनं कुत्र्याची गोष्ट पुन्हा सांगितली.

तेवढ्यात म्हातारी गोजरबाई उठली. एकटी बाई, एकच कोंबडी तिची. "लेकरा, माझी कोंबडी ने. पोरगी आत्ता कुठं उठलीय, तिला अंडी लागत्याल."

मला तिचाही संशय आला. असलेलं एकुलतं एक कोण देतं?

सहादेव तडक बाहेर गेला. मला वाटलं, पळाला. तर तांबड्याला छातीशी धरून धापा टाकत परत आला.

"मावशी, कुत्र्यानं न्हाई नेला. त्यो कुत्रा मीच."

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले. "सापडली म्हना पिसं."

पाळक मला परत देऊ लागले. सहादेव म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. दिलं ते दिलं."

माझ्यावर कुणी बोली लावेना. शेवटी गोजरबाईनंच घेतलं. आता तिच्या अंगणात असतो. बाबांनो, देवाला कबूल केलेलं झाकून ठेवू नका. झाकणाराच आत घुसमटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सहादेव येता-जाता थांबतो. "पाय कसाय रं?" प्रभूनं त्याला माफ केलं असेल, मी अजून हात बघतो त्याचे. पण काल तो कुंपणाशी उभा असताना मी त्याच्याकडं पाठ करून बिनघोर दाणे टिपले. कोंबड्याच्या जातीला ही लई मोठी गोष्ट.